व्हेरिकोज व्हेन्सवर फोम इंजेक्शन घेताय? आधी काय बघायचं, त्या दिवशी काय होतं आणि नंतरचे पंधरा दिवस कसे काढायचे

पायावरच्या फुगलेल्या नसांना "फोम मारून घे ना" (म्हणजे औषधाचा फेस नसेत टोचून ती नस बंद करून टाकणं) असं हल्ली कोणीही सांगतं, जसं काही डोकं दुखतंय तर बाम लाव म्हणावं तसं. मी डाव्या पायाला घेतलंय, दोन सिटिंगमध्ये, आणि पहिल्या वेळी जो गाढवपणा केला तो दुसऱ्या वेळी केला नाही, त्यामुळे दोन्हीतला फरक मला चांगलाच माहितीये. सुई टोचायचं काम फार तर अर्ध्या तासाचं. खरा खेळ त्याआधीच्या डॉपलरमध्ये (शिरांत रक्त कुठल्या दिशेने वाहतंय ते दाखवणारी सोनोग्राफी) आणि त्यानंतरच्या दोन आठवड्यांत असतो, आणि नेमकं त्याच दोन गोष्टींबद्दल कोणी धड काही सांगत नाही, सगळे आपले "दुखतं का हो" एवढंच विचारतात. (दुखत नाही फारसं. झालं.)

मी डॉक्टर नाही, हे सगळं टेबलावर झोपलेल्या बाजूने लिहितेय. कुठलं औषध, किती टक्क्यांचं, किती मिली, हे तुमचे व्हॅस्क्युलर सर्जन, म्हणजे रक्तवाहिन्यांचे सर्जन, ठरवणार.

नस फुगते म्हणजे नक्की काय होतं

उभ्या माणसाच्या पावलातलं रक्त हृदयापर्यंत चढवायचं म्हणजे जवळजवळ चार फूट वर. हे काम पोटरीचे स्नायू करतात, आपण पाऊल टाकलं की पोटरी आवळते आणि रक्त वर ढकललं जातं, आणि ते परत खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी छोट्या झडपा असतात. झडप ढिली पडली की रक्त खाली घसरतं, खालच्या झडपेवर भार येतो, मग तीही जाते, आणि अशी ती नस ताणली जाऊन वेडीवाकडी होत कातडीखाली दिसायला लागते. आईकडून किंवा वडिलांकडून आलेलं असतं बऱ्याचदा, त्यात बाळंतपणं, वजन, वय आणि तासन् तास उभं राहायचं काम. माझं फळ्यासमोर उभं राहण्यात आयुष्य गेलंय, आणि दोन बाळंतपणं, म्हणजे सगळे ग्रह जुळून आलेले.

सगळ्यांच्या मनात येणारा प्रश्न माझ्याही मनात आला होता, की नस बंदच करून टाकली तर रक्त जाणार कुठून? तर पायातलं बहुतेक रक्त, साधारण नव्वद टक्के, आत स्नायूंच्या मधून जाणाऱ्या खोल शिरांमधून वर जातं. वरवरच्या शिरा म्हणजे गल्लीबोळ. त्यातल्या ज्या बिघडल्यात त्या वर नेण्याऐवजी उलट खालीच आणतायत, त्यामुळे त्या बंद केल्या तर पायाचं नुकसान होत नाही, ओझं कमी होतं. फक्त त्यासाठी खोल शिरा मोकळ्या आहेत याची खात्री हवी, आणि ती खात्री डॉपलर देतो.

डॉपलर: यात घाई करू नका

माझा पहिला डॉपलर झोपवून केला, पाच मिनिटांत उरकला आणि रिपोर्टमध्ये खोल शिरांत गुठळी नाही एवढं एक वाक्य. मी खूष. नंतर ज्या सर्जनकडे गेले त्यांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मला एका स्टुलावर उभं केलं, वजन उजव्या पायावर, डावा पाय सैल सोडून जरा बाहेर वळवलेला, आणि मांडीपासून घोट्यापर्यंत प्रोब फिरवत फिरवत मधेच पोटरी दाबायची आणि सोडायची. दाबली की स्क्रीनवर एका रंगाची लाट वर जायची, सोडली की दुसऱ्या रंगाची खाली यायची आणि मशीनमधून सूंऽऽऽ असा लांबलचक आवाज. वरवरच्या शिरेत अर्ध्या सेकंदापेक्षा जास्त वेळ रक्त उलटं वाहिलं तर झडप नापास. माझं तीन सेकंदांपर्यंत जात होतं. आडवं पडल्यावर हे कसं दिसणार, पाणी उताराला लागलंच नाही तर वाहणार कुठून!

तर डॉपलरला जाताना विचारा की उभं करून करणार ना. आणि रिपोर्टमध्ये एवढं तरी असायलाच हवं: खोल शिरा मोकळ्या आहेत का, उलटा प्रवाह नेमका कुठून सुरू होतो (जांघेतून, गुडघ्यामागून की मधल्याच एखाद्या, वरवरच्या आणि खोल शिरांना जोडणाऱ्या जोडशिरेतून), बिघडलेली शिर किती मिलिमीटर जाड आहे, आणि ती सरळ आहे की वळणावळणाची. घोट्याच्या आतल्या बाजूने जांघेपर्यंत जाते ती मोठी सॅफिनस आणि पोटरीच्या मागून गुडघ्यामागे जाते ती छोटी सॅफिनस, ही दोन नावं लक्षात ठेवा, डॉक्टर याच भाषेत बोलतात.

एवढं का सांगतेय, तर आपल्याला खालची गाठोळी दिसते आणि आपण म्हणतो हिच्यात फोम मारा. पण गळती जर जांघेतून असेल आणि तुम्ही फक्त पोटरीवरच्या नसा बंद केल्या, तर गच्चीवरून पाणी झिरपतंय आणि आपण खोलीतल्या भिंतीला रंग देतोय अशातली गत, वर्षभरात शेजारून दुसरी नस वर येते. ज्यांना "फोम केला पण परत आलं" असं म्हणताना ऐकलंय त्यांच्यातल्या दोघांचा उभा डॉपलर कधी झालाच नव्हता.

आणि उलटंही असतं. एखाद्याच्या खोल शिरेत जुन्या गुठळीमुळे रस्ता बंद असेल तर वरवरची फुगलेली नस हीच त्या पायाची पर्यायी वाट असते. ती बंद करण्याआधी दहादा विचार करावा लागतो.

फोम कोणाला, लेझर कोणाला

मोठी सॅफिनस जाड आणि सरळ असेल तर बहुतेक डॉक्टर आधी लेझर किंवा रेडिओफ्रीक्वेन्सी सुचवतील, म्हणजे आतून तापवून शिर बंद करणं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१३ च्या सूचनांमध्येही हाच क्रम आहे, आधी उष्णतेने, ते जमत नसेल तर सोनोग्राफीखाली फोम, आणि तेही जमत नसेल तर ऑपरेशन. तिथेच ७९८ पेशंटवर झालेल्या क्लास नावाच्या ट्रायलचे पाच वर्षांनंतरचे निकाल २०१९ मध्ये आले, त्यात पायाच्या त्रासाच्या बाबतीत लेझर आणि ऑपरेशनवाले फोमवाल्यांपेक्षा जरा बऱ्या अवस्थेत होते. मोठ्या शिरेत फोमने बंद केलेली वाट परत उघडण्याचं प्रमाण जास्त असतं हे मान्य करूनच पुढे जायचं.

मग फोम का घ्यायचा? कारण वळणावळणाच्या शिरेत लेझरची तार सरकतच नाही, फोम मात्र कोपऱ्याकोपऱ्यात घुसतो. आधी ऑपरेशन होऊन परत उगवलेल्या नसा, पोटरीवरच्या फांद्या, घोट्यापाशी न भरणाऱ्या जखमेच्या आसपासचं जाळं, यासाठी फोम फार सोयीचा. भूल नको, टाके नकोत, वय झालेल्या किंवा भूल न झेपणाऱ्या माणसालाही करता येतं, आणि परत करायची वेळ आली तर परत करता येतं. बऱ्याच ठिकाणी दोन्ही मिळून करतात, खोडाला (म्हणजे मुख्य शिरेला) लेझर आणि फांद्यांना फोम. माझं तसं नाही, माझी शिर मांडीतच नागमोडी होती म्हणून खोड आणि फांद्या दोन्ही फोमनेच. मांडीवर दिसणाऱ्या केसाएवढ्या लाल-निळ्या रेघांना मात्र सहसा फोम नाही, तेच औषध पातळ करून द्रव रूपातच देतात.

घोट्यापाशी जखम असेल तर "आधी जखम भरू दे मग बघू" असं म्हणत बसू नका. एव्हरा नावाच्या ट्रायलमध्ये (२०१८, ४५० पेशंट) शिरेवर लवकर उपचार केलेल्यांची जखम भरायला मधला आकडा ५६ दिवस आला, थांबलेल्यांचा ८२. पायाला घट्ट दाबपट्टी दोन्ही गटांत होतीच.

डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपणहून सांगायच्या गोष्टी, लाजू नका, विसरू नका: पूर्वी कधी पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली होती का, घरात कोणाला होती का, रक्त पातळ करायच्या गोळ्या, गर्भनिरोधक किंवा हार्मोनच्या गोळ्या, कुठल्या इंजेक्शनची ॲलर्जी, डोळ्यांपुढे चमकून येणारी मायग्रेन, आणि हृदयात छिद्र असल्याचं कधी कोणी सांगितलं होतं का. शेवटचं का, तर साधारण चारातल्या एका माणसाच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये जन्मापासूनची एक बारीक फट उघडी राहिलेली असते, बहुतेकांना आयुष्यभर कळतही नाही, पण फोमचे बुडबुडे तिथून डावीकडे सरकून मेंदूकडे जाऊ शकतात. ज्यांना त्या फटीमुळे आधीच त्रास झालाय त्यांना फोम देत नाहीत. ताजी गुठळी असेल, पायाला इन्फेक्शन असेल, माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर नाहीच. गरोदर असाल तर थांबा, बाळंतपणानंतर काही महिन्यांत बऱ्याच नसा आपोआप उतरतात. मधुमेह किंवा सिगरेट असेल तर पायाच्या शुद्ध रक्ताच्या नाडीचीही तपासणी करून घ्या, धमनीचा पुरवठा कमी असलेल्या पायावर घट्ट स्टॉकिंग (फोमनंतर घालायचा, पाय दाबून धरणारा लांब मोजा) चढवणं धोक्याचं आहे.

फेस बनतो कसा

हे मला बघायला मिळालं कारण मी विचारलं. एका सिरिंजमध्ये एक भाग औषध, पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट, दुसऱ्या सिरिंजमध्ये चार भाग हवा (काही जण कार्बन डायऑक्साइड वापरतात, तो रक्तात लवकर विरघळतो), आणि दोन्हींच्या मध्ये तीन तोंडांचा छोटा प्लास्टिकचा कॉक. मग इकडून तिकडे, तिकडून इकडे, फटाफट वीसेक वेळा. बघता बघता पाण्यासारखं औषध दाढीच्या फेसासारखं पांढरंशुभ्र आणि दाट होतं. ही पद्धत टेसारी नावाच्या इटालियन डॉक्टरांची, २००० सालची, आणि जगभर बहुतेक ठिकाणी अजून हीच चालते. फेस मिनिटा-दोन मिनिटांत परत पातळ व्हायला लागतो, म्हणून आधी सुया शिरेत लावून तयार ठेवतात आणि फेस अगदी ऐन वेळी बनवतात.

फेसच का? नुसतं पातळ औषध रक्तात मिसळून सौम्य होतं आणि रक्तातली प्रथिनं त्याचा जोर मारतात. फेस रक्ताला पुढे ढकलून स्वतः ती जागा भरतो आणि शिरेच्या आतल्या अस्तराला चिकटून राहतो. अस्तर जळतं, शिर आकसते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि पुढच्या काही महिन्यांत तिची नुसती दोरी उरते, तीही शरीर हळूहळू जिरवतं. शिवाय थोड्या औषधात भागतं, एक मिली औषधाचा पाच मिली फेस. गंमत म्हणजे पॉलिडोकॅनॉल मुळात बधिर करायचं औषध म्हणून आलेलं, म्हणून ते टोचताना फार झोंबत नाही.

एका वेळी एकूण फेस साधारण १० मिलीच्या आत ठेवतात. म्हणून पाय जास्त खराब असेल तर दोन-तीन सिटिंग होणारच. "एकाच दिवशी दोन्ही पाय करून टाका" असा हट्ट मी धरला होता, डॉक्टर नुसते हसले.

त्या दिवशी

पायाला तेल, क्रीम, काही लावू नका, मार्कर टिकत नाही आणि पट्टी चिकटत नाही. सैल पँट किंवा स्कर्ट, पट्टीवर चढेल असा. पायात सैल चप्पल. उपाशी जायची गरज नसते, थोडं खाऊन जा. स्टॉकिंग आधीच मापाची आणून ठेवा, ऐन वेळी "मीडियम द्या" करू नका. घरी न्यायला कोणीतरी असू दे, आणि निघायच्या आधी उभं राहून पायाचे चारी बाजूंनी फोटो काढा, सहा महिन्यांनी हेच फोटो बघून समाधान होतं, नाहीतर आधी किती खराब होतं ते आपण विसरतो.

तिथे गेल्यावर आधी उभं करून मार्करने नसा गिरवल्या. मग झोपवलं, सोनोग्राफीत बघत बघत दोन-तीन ठिकाणी बारीक सुया, पाय वर उचलून धरला म्हणजे शिर रिकामी होते, आणि मग फेस. स्क्रीनवर काळ्या शिरेतून पांढरा धूर सरकत गेल्यासारखं दिसतं. मला जाणवलं ते एवढंच, मांडीच्या आत हलकीशी ओढ, गोळा यायच्या आधी येते तशी. टोचताना एकदम तीव्र, आग पडल्यासारखं दुखलं तर "सहन करू" म्हणून गप्प बसू नका, लगेच ओरडा, सुई चुकून धमनीत किंवा शिरेच्या बाहेर असू शकते आणि ते वेळीच थांबवावं लागतं.

फेस गेल्यावर पाऊल वर-खाली, वर-खाली करायला सांगतात. मन लावून करा. पोटरीच्या पंपाने खोल शिरेत रक्त जोरात वाहतं आणि तिकडे सांडलेला फेस धुऊन निघतो. पाच-दहा मिनिटं तसंच पडून राहायचं, झटकन उठायचं नाही, जोर लावायचा नाही, श्वास कोंडायचा नाही. त्या वेळात डोळ्यांपुढे चमकल्यासारखं झालं, कोरडा खोकला आला, छातीत आवळल्यासारखं वाटलं तर सांगा, शंभरातल्या एखाद-दुसऱ्याला होतं आणि बहुतेक वेळा पडून राहिलं की थोड्या वेळात जातं.

पाय वर असतानाच पट्टी आणि तिच्यावर स्टॉकिंग. आणि मग चालायला लावतात, २० ते ३० मिनिटं, तिथल्या तिथे. हे औपचारिकता म्हणून नाही. मी पहिल्या वेळी कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारल्या, "झालं माझं" म्हणून गाडीत बसले आणि घरी येऊन पाय वर करून चक्क अडीच तास झोपले. गुठळी व्हायला यापेक्षा चांगली परिस्थिती मुद्दाम बनवता आली नसती. काही झालं नाही हे नशीब.

स्टॉकिंग चढवणं ही एक कला आहे

माप सकाळी घ्यायचं, पाय सुजायच्या आधी, शक्यतो अंथरुणातून उठल्या उठल्या. घोट्याच्या वर सगळ्यात बारीक जागा, पोटरीची सगळ्यात जाड जागा, आणि मांडीपर्यंतचं घेणार असाल तर मांडी. फोमनंतर बहुतेकदा दुसऱ्या क्लासचं देतात, म्हणजे २३ ते ३२ एमएमएचजी (पाऱ्याचे मिलिमीटर, बीपी मोजतात तेच माप) दाबाचं. मांडीची शिर केली असेल तर मांडीपर्यंतचं.

चढवायची पद्धत अशी. हातात भांडी घासायचे रबरी ग्लोव्ह्ज घाला, यावाचून प्रयत्नच करू नका, नखं अडकून स्टॉकिंग फाटतं आणि बोटं सोलून निघतात. हात आत घालून टाच चिमटीत पकडा आणि टाचेपर्यंत उलटं करा, म्हणजे पावलाचा भाग आत खिशासारखा राहील. पाऊल त्यात घाला, टाच बरोब्बर टाचेवर बसवा (टाच तिरकी बसली की पुढचं सगळं तिरकं), आणि मग वरचा भाग थोडा थोडा पायावर उलटत आणायचा, वरच्या काठाला धरून ओढायचं नाही, तळहाताने सारवत सारवत वर न्यायचं. पुढची बोटं उघडी असलेलं असेल तर आधी पावलावर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी चढवा, स्टॉकिंग सरकून बसलं की पिशवी बोटांकडून ओढून काढा. गुडघ्यामागे आणि घोट्यापुढे घडी राहू द्यायची नाही, तिथेच ते दोरीसारखं काचतं. बोटं निळी-पांढरी पडली, मुंग्या आल्या, सुन्न झाली तर काढा आणि फोन करा.

किती दिवस घालायचं यावर डॉक्टरांचं एकमत नाही. नाइसच्या सूचनांमध्ये घट्ट पट्टी सात दिवसांच्या वर नको असं आहे, बरेच जण दोन आठवडे स्टॉकिंग सांगतात, सुरुवातीचे एक-दोन दिवस रात्रीही. मला आठवडाभर रात्रंदिवस आणि पुढचा आठवडा फक्त दिवसा असं सांगितलं होतं आणि मी पहिल्या वेळी तिसऱ्या रात्री गरम होतंय म्हणून काढून फेकलं, दुसऱ्या दिवशी दुपारी पाय सुजल्यावर ते चढेना, मग तसंच राहिलं. दुसऱ्या सिटिंगला नवऱ्याने वहीत तारखा लिहून ठेवल्या आणि रोज खूण करायला लावली. त्या वेळी गाठी आल्या त्या निम्म्याही नव्हत्या. त्यामुळेच कमी आल्या असं छातीठोक सांगणार नाही, पण मी तरी परत तो प्रयोग करणार नाही.

पुढचे दिवस, क्रमाने

पहिले दोन-तीन दिवस काळंनिळं, थोडं ठणकतं, विशेष नाही. रोज अर्धा-पाऊण तास चालायचं, दोनदा-तीनदा मिळून चालेल. तासन् तास बसणं किंवा एका जागी उभं राहणं नको, बसावंच लागलं तर टाच-चवडा हलवत राहा. फार गरम पाण्याची आंघोळ, वाफ, सॉना, जड वजनं उचलणं दोन आठवडे बंद. लांबचा विमानप्रवास महिनाभर तरी पुढे ढकला, आणि अगदीच टळत नसेल तर तिकीट काढायच्या आधी डॉक्टरांना विचारा.

पाचव्या ते दहाव्या दिवसात माझ्या तोंडचं पाणी पळालं. जिथे मऊ फुगीर नस होती तिथे कडक दोरी लागायला लागली, वर लाल, हात लावला की ठणका. मला वाटलं उपचार फसला. फसला नव्हता, बंद होणारी नस अशीच लागते. दोरीच्या मध्ये एखाद्या ठिकाणी गोटीसारखी गाठ येते, तिथे जुनं रक्त कोंडलेलं असतं. ते फॉलोअपला सांगा. माझ्या गुडघ्याच्या आतल्या बाजूच्या गाठीत डॉक्टरांनी बारीक सुई टोचून दाबलं, काळपट घट्ट रक्त बाहेर आलं, जेमतेम चमचाभर, आणि ठणका दहा मिनिटांत अर्ध्यावर. ते काढलं नाही तर तिथे डाग जास्त दिवस राहतो म्हणतात. घरी टाचणी तापवून हे उद्योग करू नका, प्लीज. दुखण्यावर साधी गोळी कुठली चालेल हे ॲसिडिटी, किडनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या वगैरे बघून डॉक्टरच सांगतील.

मग डाग. नसेच्या रेषेवर तपकिरी पट्टा उमटतो, रक्तातल्या लोहाचा. बऱ्याच जणांना येतो, गोऱ्या-सावळ्या कोणालाही, सहा महिने ते वर्षभरात बहुतेकांचा फिका पडतो, थोड्यांचा राहतो. ऊन लागू देऊ नका. कधी कधी टोचलेल्या जागेभोवती बारीक लाल जाळी येते, तीही बहुधा आपोआप जाते. केवळ दिसण्यासाठी फोम करणार असाल तर हा मुद्दा आधी नीट पचवा, काही महिने पाय आधीपेक्षा वाईट दिसणार.

आणि हे मात्र थांबायचं नाही, लगेच हॉस्पिटल: अख्खी पोटरी किंवा पाय सुजून ताठ होणं, नसेच्या रेषेवर नाही तर आत खोलवर दुखणं. अचानक दम लागणं, छातीत दुखणं, थुंकीत रक्त. तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं, हाताची ताकद जाणं, नजर जाऊन परत न येणं. टोचलेल्या जागची कातडी पांढरी, निळी, मग काळी पडून फोड येणं. हे सगळं क्वचित होतं, खोल शिरेत गुठळी साधारण शंभरात एकाला किंवा त्याहून कमी, पण आपण तो एक असू शकतो हे धरून चाललेलं बरं. ॲलर्जीची रिॲक्शन आली तर ती बहुधा तिथेच लवकर येते, म्हणून टोचून झाल्यावर अर्धा तास तरी तिथेच थांबा, चालण्यात तो वेळ जातोच.

परत डॉपलर

एक-दोन आठवड्यांनी एकदा, खोल शिरा ठीक आहेत ना ते बघायला आणि कोंडलेलं रक्त काढायला. मग दीड ते तीन महिन्यांनी परत, उभं करूनच, शिर खरंच बंद झाली का ते बघायला. पाय हलका वाटतोय, दुखत नाहीये, मग कशाला जायचं असं वाटतं आणि इथेच बहुतेक जण गळतात. मीही टाळणार होते. गेले तर मांडीतली शिर मस्त बंद, पण गुडघ्याखाली हातभर तुकडा अर्धवट उघडा, कातडीवरून काहीच दिसत नव्हतं. तो वेळेत सापडला म्हणून दुसऱ्या सिटिंगला चार मिली फेसात काम भागलं.

वर्षाच्या डॉपलरला डाव्या पायाचं खोड बंद आहे, घोट्यापाशी एक बारीक फांदी उघडी आहे, ती नुसती बघायची ठरलंय. उजव्या पायाच्या गुडघ्यामागे मात्र आता सूंऽऽ ऐकू यायला लागलंय, त्याचा नकाशा काढून ठेवलाय आणि शाळेत असते तेवढा वेळ गुडघ्यापर्यंतचं स्टॉकिंग घालते. रोज वापरलं तर सहा महिन्यांत त्याचं इलॅस्टिक सैल पडतं, मग ते दिसायला कितीही चांगलं असलं तरी बदलायचं. धुताना साध्या साबणाने हाताने, पिळायचं नाही, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत वाळवायचं.